मेरी शेली : निर्मिती, महत्त्वाकांक्षा आणि दायित्व

१

एखाद्याने स्वतःच उभी केलेली शक्ती त्याच्यावर उलटली की मराठीत तिला ‘भस्मासुर’ म्हणण्याचा प्रघात आहे. इंग्रजीत अशा ठिकाणी ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे नाव येते. त्यामुळे ही दोन नावे एकमेकांशेजारी ठेवण्याचा मोह सहज होतो आणि वरवर पाहता ही जोडी योग्यही वाटते. परंतु मेरी शेलीची कादंबरी मुळातून वाचली की दोन्ही कथांतील अंतर स्पष्ट होते. भस्मासुराला वर मिळतो आणि मिळताच तो वरदात्याच्याच मस्तकावर हात ठेवावयास धावतो. कृतघ्नतेचा प्रारंभ त्याच्याकडून होतो. कादंबरीतील अनाम जीव मात्र डोळे उघडताच निर्मात्याकडे हात पुढे करतो आणि पळून जातो तो निर्माता. शिवाय फ्रँकेन्स्टाइन हे नाव त्या जीवाचे नव्हेच, ते त्याला घडवून टाकून देणाऱ्या विद्यार्थ्याचे आहे. निर्मात्याचे नाव निर्मितीला चिकटावे आणि दोष मात्र निर्मितीच्या माथी यावा, ही या कृतीच्या वाचनाच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय.

गॉथिक कादंबरीतील वैज्ञानिक महत्त्वाकांक्षेची चर्चा करताना ज्ञानाची मर्यादा ओलांडणाऱ्यास शासन होते, असा तिचा आशय सांगितला जातो. प्रस्तुत लेखात मेरी शेलीच्या चरित्राच्या आधारे थोडी वेगळी मांडणी करावयाची आहे. तिच्या दृष्टीने अपराध निर्माण करण्यात नाही, तो निर्माण केल्यानंतर पाठ फिरवण्यात आहे. लेखकाच्या चरित्रातून कृतीचा अर्थ काढण्याची पद्धत धोक्याची आहे, याची जाणीव ठेवूनच हे विवेचन केले आहे. चरित्रामुळे कादंबरीचा उलगडा होतो असे येथे म्हणावयाचे नाही. कादंबरीने उपस्थित केलेला प्रश्न लेखिकेला किती जवळून आणि किती दीर्घकाळ भोगावा लागला, एवढेच चरित्रावरून दाखवता येते.

२

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडनमधील सॉमर्स टाउन या भागात झाला. स्त्रियांच्या हक्कांचे समर्थन करणारा ग्रंथ १७९२ मध्ये लिहून युरोपभर नाव मिळवलेली मेरी वुलस्टनक्राफ्ट ही तिची आई, आणि ‘पोलिटिकल जस्टिस’ (१७९३) या ग्रंथाचा कर्ता विल्यम गॉडविन हे वडील. प्रसूतीनंतर वार पडली नाही म्हणून डॉक्टरांना पाचारण करण्यात आले. त्यांनी ती हाताने काढली. मागाहून सूतिकाज्वर झाला आणि १० सप्टेंबरला आई गेली. जंतुसंसर्गाची कल्पना वैद्यकास येण्यापूर्वीचा तो काळ होता. जीव वाचवण्यासाठी पुढे झालेल्या हातांनीच मृत्यू घरात आणावा, अशी ही घटना आहे. मेरी सेंट पँक्रस येथील आईच्या थडग्यापाशी जाऊन बसे, वाचन करी. जन्म घेणे म्हणजे कोणाच्या तरी मृत्यूस कारण होणे, हा विचार तिला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

गॉडविनकडे दोन मुली राहिल्या : मेरी आणि वुलस्टनक्राफ्टच्या पूर्वसंबंधातून १७९४ मध्ये जन्मलेली फॅनी. १८०१ मध्ये त्याने मेरी जेन क्लेअरमॉन्ट हिच्याशी विवाह केला. तिच्याबरोबर चार्ल्स व जेन ही मुले आली. पुढे क्लेअर या नावाने ओळखली गेलेली ती हीच जेन. १८०३ मध्ये धाकटा विल्यम जन्मला. घर पुस्तकांचे, चर्चेचे आणि कर्जाचे होते. कोलरिजसारखे कवी तेथे येत. शाळेचे शिक्षण फारसे नसले तरी वडिलांच्या ग्रंथालयाने ती उणीव भरून काढली.

गॉडविनच्या विचारसरणीत एक पेच होता आणि तो येथे महत्त्वाचा आहे. न्याय निःपक्षपाती असावा. आप्त आणि परके असा भेद न करता ज्याच्या जगण्याने मानवजातीचे अधिक हित साधेल त्यास आधी वाचवावे, असा ‘पोलिटिकल जस्टिस’चा आग्रह होता. पुढे वुलस्टनक्राफ्टच्या सहवासाने आणि वियोगाने त्याने आपले मत सौम्य केले. ‘सेंट लिऑन’ (१७९९) या त्याच्या कादंबरीत परीस आणि अमृत यांचे रहस्य हाती आलेला नायक त्या रहस्यापायीच पत्नी व मुले यांना मुकतो. तेव्हा ज्ञानाची हाव आणि कुटुंबाचा विध्वंस यांची सांगड मेरीला वडिलांच्याच लेखनात मिळाली होती. मात्र कन्येच्या बाबतीत वडिलांचे वर्तन त्या कादंबरीतील बोधाला धरून राहिले नाही.

३

१८१२ ते १८१४ या काळात मेरी बराच काळ स्कॉटलंडमध्ये डंडी येथे परिचितांच्या घरी राहिली. परतल्यावर तिची पर्सी बिश शेलीशी ओळख वाढली. निरीश्वरवादावरील पुस्तिकेमुळे १८११ मध्ये ऑक्सफर्डमधून निष्कासित झालेला हा तरुण कवी विद्युत् व रसायन यांच्या प्रयोगांत रमणारा होता; विद्यापीठातील त्याची खोली उपकरणांनी आणि आम्लांच्या डागांनी भरलेली असे. गॉडविनचा तो शिष्य होता आणि त्याला पैसे मिळवून देणाराही होता. परंतु तो विवाहित होता. पत्नी हॅरिएट हिला एक मुलगी होती आणि दुसरे मूल होणार होते. २८ जुलै १८१४ रोजी मेरी आणि पर्सी, क्लेअरला बरोबर घेऊन, फ्रान्सला निघून गेले. विवाहसंस्थेवर टीका करणाऱ्या गॉडविनने मुलीशी बोलणे सोडले. मात्र पर्सीकडून पैसे घेणे सोडले नाही. हा अबोला सुमारे अडीच वर्षे टिकला.

२२ फेब्रुवारी १८१५ रोजी मेरीला दिवस पूर्ण भरण्याआधीच मुलगी झाली आणि ६ मार्चला ती मरण पावली. तिचे नावही ठेवलेले नव्हते. त्यानंतर काही दिवसांनी मेरीने दैनंदिनीत एका स्वप्नाची नोंद केली : मूल केवळ गारठले होते, शेकोटीजवळ धरून चोळल्यावर ते पुन्हा जिवंत झाले, आणि जाग आली तेव्हा मूल नव्हते. निर्जीवास सजीव करण्याची कल्पना प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वी या स्वप्नात येऊन गेली होती. एलन मोअर्स या अमेरिकन समीक्षिकेने १९७० च्या दशकात ‘स्त्रीचे गॉथिक’ ही संकल्पना मांडताना ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही प्रसूती आणि तिच्यानंतरच्या भयाची कथा म्हणून वाचली, तिला या नोंदींचे बळ होते.

जानेवारी १८१६ मध्ये मुलगा विल्यम जन्मला. आजोबांचेच नाव त्याला दिले; तरी आजोबांचा अबोला सुटला नाही.

४

१८१६ च्या मे महिन्यात हे कुटुंब क्लेअरसह जिनीव्हाच्या सरोवरकाठी पोहोचले. जवळच व्हिला दिओदाती येथे बायरन आणि त्याचा तरुण वैद्य जॉन पोलिडोरी राहत होते. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये सुंबावा बेटावरील तांबोरा या ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्याच्या धुळीमुळे १८१६ चा उन्हाळा युरोपात थंड आणि पावसाळी गेला. घरात अडकलेल्या या मंडळींनी फ्रेंच भाषेतील भुताच्या कथा वाचल्या आणि प्रत्येकाने एक कथा लिहावी असे बायरनने सुचवले. पोलिडोरीने पुढे ‘द व्हँपायर’ ही कथा लिहिली, ती १८१९ मध्ये छापली गेली. अठरा वर्षांच्या मेरीला मात्र प्रारंभी काहीच सुचत नव्हते.

त्या बैठकांत जीवनतत्त्वाविषयीही चर्चा होई आणि ती हवेतील नव्हती. बेडकाच्या स्नायूंवरील गॅल्व्हानीचे प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याचा भाचा अल्डिनी याने जानेवारी १८०३ मध्ये लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या प्रेतावर विद्युत्प्रयोग केले, तेव्हा प्रेताचा जबडा हलला, एक डोळा उघडला. जीवन ही शरीराच्या रचनेतूनच उद्भवणारी गोष्ट आहे की बाहेरून येणारे एखादे सूक्ष्म तत्त्व आहे, यावर जॉन ॲबरनेथी आणि विल्यम लॉरेन्स या शल्यचिकित्सकांत वाद सुरू झाला होता. लॉरेन्स हा पर्सीवर उपचार करणारा डॉक्टर होता. म्हणजे हा वाद मेरीच्या घरात येऊन पोहोचलेला होता. लेखन चालू असताना तिने हंफ्री डेव्हीचे रसायनशास्त्रही वाचले.

म्हणूनच मेरी विज्ञानाला घाबरणारी होती, असे म्हणता येत नाही. इंगोलश्टाट विद्यापीठात व्हिक्टरला रसायनाकडे वळवणारा प्राध्यापक वाल्डमन हा कादंबरीतील सर्वांत सौम्य व्यक्तींपैकी एक आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जीव निर्माण करण्याची कृती कादंबरीत सांगितलेलीच नाही. विजेच्या कडकडाटात चालणारी भव्य प्रयोगशाळा ही १९३१ च्या चित्रपटाची देणगी होय. मूळ पुस्तकात नोव्हेंबरची पावसाळी रात्र, विझत आलेली मेणबत्ती आणि दोन वर्षांच्या श्रमाने थकलेला एक विद्यार्थी एवढेच आहे. निर्मितीच्या वर्णनाला काही ओळी पुरतात; निर्मितीनंतरच्या घटनांसाठी तीन खंड लागतात.

५

कथेचा हा विस्तार होत असतानाच लेखिकेच्या भोवती काय घडत होते, ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडला परतल्यावर ऑक्टोबर १८१६ मध्ये फॅनीने स्वान्सी येथे एका खाणावळीत विष घेऊन जीवन संपवले. डिसेंबरमध्ये हॅरिएटचे प्रेत लंडनच्या सर्पेंटाइन तलावात सापडले. त्याच महिन्याच्या ३० तारखेस मेरी आणि पर्सी यांचा विवाह झाला आणि गॉडविनने कन्येशी पुन्हा संबंध जोडला. पुढील मार्चमध्ये लॉर्ड चॅन्सेलर एल्डन याने हॅरिएटच्या दोन मुलांचा ताबा पर्सीला नाकारला. आपल्या कृतीचे फळ कोणी भोगावयाचे, हा प्रश्न त्या हिवाळ्यात न्यायालयात, घरात आणि हस्तलिखितात एकाच वेळी उभा होता.

हस्तलिखितातील उत्तर कठोर आहे. व्हिक्टरचे आईवडील प्रेमळ आहेत. त्याचे बालपण कशालाही उणे नाही. जे त्याला मिळाले ते तो आपल्या निर्मितीला देत नाही. निर्माण झालेला जीव रानात, मग डी लेसी कुटुंबाच्या झोपडीलगतच्या खोपटात लपून भाषा शिकतो, मिल्टन, प्लुटार्क आणि ग्योथे वाचतो, आणि अंध वृद्धाजवळ आश्रय मागतो. त्याचे दुष्कृत्य या सर्वांनंतरचे आहे. मेरी ते क्षम्य ठरवत नाही; लहान विल्यमचा खून हा खूनच आहे. परंतु त्या खुनासाठी निरपराध जस्टीनला फाशी होत असताना व्हिक्टरला सत्य ठाऊक असते. लोक आपल्याला वेडा समजतील, या विचाराने तो गप्प राहतो. वैज्ञानिकाच्या जबाबदारीसंबंधी या कादंबरीतील सर्वांत भेदक प्रसंग हाच आहे, आणि तो प्रयोगशाळेत घडत नाही, न्यायालयात घडतो. ज्याला माहीत आहे त्याने सांगितले पाहिजे. ज्ञानाचे ऋण फेडण्याचा हा पहिला मार्ग तो टाळतो.

यापुढचा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. जीवाच्या मागणीवरून व्हिक्टर ऑर्कनी बेटांवर एका सहचरीची निर्मिती आरंभतो. तेथे प्रथमच त्याला परिणामांचा विचार सुचतो : तिची इच्छा वेगळी असली तर, त्यांना संतती झाली तर, पुढील पिढ्यांचे काय? हा विचार उथळ नाही. परंतु दायित्वाची ही जाणीव दुसऱ्या निर्मितीच्या मध्यावर होते, आणि तिचा परिणाम म्हणून दिलेले वचन मोडून तो ते अर्धवट शरीर निर्मितीच्या डोळ्यांदेखत फाडतो. भावी मानवजातीविषयीचे कर्तव्य आणि समोर उभ्या असलेल्या एकाविषयीचे कर्तव्य यांतील हा संघर्ष गॉडविनच्या निःपक्षपाती न्यायाचाच पेच आहे. कादंबरी वडिलांना अर्पण केलेली आहे, हे येथे विसरता कामा नये.

कथेची चौकट असलेला वॉल्टन हाही उत्तर ध्रुवाचा शोध घेणारा महत्त्वाकांक्षी पुरुष आहे. बर्फात अडकलेले खलाशी परत फिरण्याची मागणी करतात तेव्हा मरणासन्न व्हिक्टर त्यांना पुढे जाण्याचे आवाहन करतो. वॉल्टन खिन्न मनाने परत फिरतो. जे आपल्यावर विसंबून आहेत त्यांचे जीव आपल्या कीर्तीपेक्षा मोलाचे आहेत, हे त्याला मान्य करावे लागते. व्हिक्टर मात्र आपल्या गतवर्तनात काही निंद्य नाही असा निर्वाळा देऊन मरतो. लेखिका त्याला शेवटचा शब्द देत नाही. तो त्याच्या प्रेतावर वाकून विलाप करणाऱ्या जीवाला मिळतो.

६

१ जानेवारी १८१८ रोजी कादंबरी तीन खंडांत, लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. पहिल्या आवृत्तीच्या पाचशे प्रती होत्या. प्रस्तावना पर्सीने लिहिली होती आणि वॉल्टर स्कॉटने परीक्षण करताना लेखकही तोच असावा असे मानले. मेरीच्या कर्तृत्वाविषयीचा हा संशय दीर्घकाळ टिकला. बॉडलियन ग्रंथालयातील हस्तलिखितांच्या आधारे चार्ल्स रॉबिन्सनने २००८ च्या आवृत्तीत दाखवले की सुमारे ७२ हजार शब्दांच्या या कृतीत पर्सीचे शब्द चार ते पाच हजारांच्या आसपास आहेत. संस्कार त्याचा, निर्मिती तिची, असा तो हिशेब होतो.

मार्च १८१८ मध्ये कुटुंब इटलीस गेले. पुढील काही वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात सांगणेच इष्ट. त्याच वर्षी पर्सीच्या बोलावण्यावरून मेरीने उन्हातून आजारी तान्ह्या क्लाराला घेऊन प्रवास केला. २४ सप्टेंबरला ती व्हेनिसमध्ये गेली. जून १८१९ मध्ये रोम येथे साडेतीन वर्षांचा विल्यम तापाने गेला. क्लेअर आणि बायरन यांची कन्या अलेग्रा आईपासून तोडून कॉन्व्हेंटमध्ये ठेवली गेली होती. ती एप्रिल १८२२ मध्ये दगावली. ८ जुलै १८२२ रोजी पर्सी समुद्रात बुडाला. मेरीचे वय तेव्हा चोवीस होते, आणि नोव्हेंबर १८१९ मध्ये जन्मलेला पर्सी फ्लॉरेन्स हे एकच मूल उरले होते.

ऑगस्ट १८२३ मध्ये ती लंडनला परतली तेव्हा तिची कादंबरी रंगभूमीवर गाजत होती. पीक या नाटककाराने तिला दिलेल्या नावातच ‘धार्ष्ट्य’ या अर्थाचा शब्द होता. भूमिकांच्या यादीत जीवाच्या जागी नुसती एक रेघ होती. ही कल्पना मेरीला आवडली. परंतु नाटकात त्या जीवाला वाणी नव्हती. त्याचे बोलणे काढून घेताच कथेचा अर्थ पालटला. परित्यक्ताचे गाऱ्हाणे नाहीसे झाले आणि ईश्वराशी स्पर्धा करणाऱ्याचे शासन तेवढे उरले. मार्च १८२४ मध्ये जॉर्ज कॅनिंगने पार्लमेंटमध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांना एकाएकी मुक्त करण्याविरुद्ध बोलताना याच कथेचा दाखला दिला. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच धोका ठरवण्यासाठी ही कथा वापरता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आपल्याकडील भस्मासुराची उपमाही नकळत याच वाटेने जाते.

७

वैधव्याची अठ्ठावीस वर्षे मेरीने लेखणीवर काढली. सासरे सर टिमथी यांनी मूल आपण नेमलेल्या पालकाकडे सोपवल्यास खर्च करू, अशी अट घातली. ती तिने नाकारली. पुढे अल्प वेतन मिळू लागले, पण पर्सीचे नाव छापील पृष्ठावर आणावयाचे नाही, या बोलीवर. १८२४ मध्ये तिने संपादित केलेला त्याच्या कवितांचा संग्रह मागे घ्यावा लागला. महामारीने मानवजात नष्ट झाल्यावर उरलेल्या एकट्या माणसाची ‘द लास्ट मॅन’ (१८२६) ही कथा, ऐतिहासिक व सामाजिक कादंबऱ्या, विश्वकोशासाठी लिहिलेली साहित्यिकांची चरित्रे असे तिचे विपुल लेखन आहे. १८३३ मध्ये मुलाला हॅरोच्या शाळेत घरी राहून शिकता यावे म्हणून ती त्या गावी राहावयास गेली. १८३९ मध्ये सासऱ्यांची संमती मिळाल्यावर तिने पर्सीच्या समग्र कविता टिपणांसह सिद्ध केल्या. निर्मितीचा सांभाळ म्हणजे काय, हे तिने व्हिक्टरच्या उलट वागून दाखवले असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु चरित्र इतके सरळ नाही. त्याच १८३९ मधील दैनंदिनीत तिने हॅरिएटची आठवण काढली आहे आणि आपल्या वाट्यास आलेल्या दुःखांचे मूळ त्या मृत्यूत असावे, दैवाने घेतलेले ते प्रायश्चित्त असावे, असे लिहिले आहे. एका परित्यक्तेच्या अंतात आपला भाग होता, ही जाणीव तिने टाळली नाही. मात्र तिने तिला दैवाच्या भाषेत मांडले, आणि हीच भाषा १८३१ च्या सुधारित ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये शिरलेली दिसते. १८१८ चा व्हिक्टर प्रत्येक वळणावर निवड करू शकतो. १८३१ चा व्हिक्टर नियतीच्या ओढीबद्दल वारंवार बोलतो. लॉरेन्सला त्याच्या १८१९ च्या व्याख्यानांबद्दल माघार घ्यावी लागली होती, आणि १८२२ मध्ये त्याच एल्डनने त्याच्या पुस्तकाला स्वामित्वाचे संरक्षण नाकारले होते. अशा वातावरणाचाही या बदलाशी संबंध असल्याचे मॅरिलिन बटलरने दाखवले आहे. तीन मुले आणि पती गमावलेल्या स्त्रीला नियतीचा आधार वाटला असल्यास नवल नाही. तथापि नियती आली की दायित्व सैल होते, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने विचारलेला प्रश्न तिच्याच हातून काहीसा बोथट झाला.

१ फेब्रुवारी १८५१ रोजी लंडनमध्ये मेरीचे निधन झाले. बोर्नमथ येथे तिला पुरण्यात आले आणि सुनेने वुलस्टनक्राफ्ट व गॉडविन यांचे अवशेषही सेंट पँक्रसहून तेथे आणवले.

१८३१ ची संहिता दीर्घकाळ प्रचारात राहिली. १९७४ मध्ये जेम्स रीगरने १८१८ ची संहिता पुन्हा प्रकाशात आणली, तेव्हापासून दोन्ही उपलब्ध आहेत. वर्गात ही कादंबरी शिकवताना आपल्या हाती यांपैकी कोणती संहिता आहे, याची प्रथम खात्री करून घ्यावयास हवी. नियतीच्या कथेतून वाचकाला ज्ञानाविषयी भय वाटेल. निवडीच्या कथेतून मात्र त्याला स्वतःला विचारावे लागेल की आपण जे जगात आणले त्याच्याजवळ आपण थांबलो का. मेरी शेलीच्या चरित्राची साक्ष या दुसऱ्या वाचनाच्या बाजूने अधिक भरते.